सहस्र पौर्णिमा आणि शंभर शरद



गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये असे आपल्याकडे सांगतात, आणि मी तर गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत चंद्रावरच लिहायला बसले आहे. बाप्पा समजून घेतील. निमित्तच तसे आहे. आपल्या मंदिरात दर उत्सवाला सगळ्यांच्या आधी येऊन हार गुंफायला बसणाऱ्या आजींचे यंदा सहस्रचंद्रदर्शन आहे. येत्या कोजागरीच्या संध्याकाळी मंदिराच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार करायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. "तुम्ही डॉक्टर आहात, या निमित्ताने चार शब्द लिहा" असा आग्रह झाला, म्हणून हा लेख.

मराठी शाळेतल्या मुलांना ही बातमी सांगितली तेव्हा दोन प्रश्न आले. पहिला, "हजार चंद्र मोजले कोणी?" दुसरा प्रश्न बारा वर्षांच्या एका मुलीचा होता. "आजी ८१ वर्षांच्या झाल्या हे छान आहे, पण त्यात त्यांनी काय केलं? सत्कार कशाबद्दल?" मोठी माणसे हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या लेखात दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न केला आहे.

हजार पौर्णिमांचा हिशेब

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणजे दर वर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी आपल्या पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास येतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, ते अनेकांना आठवत असेल. हिशेबाने १९ वर्षांत ७ अधिक मास येतात.

आता मुलांनो, कागद-पेन्सिल घ्या. ८० वर्षांच्या १२ महिन्यांप्रमाणे ९६० पौर्णिमा. त्यात ८० वर्षांतले सुमारे साडेएकोणतीस अधिक मास मिळवले की झाल्या साधारण ९८९. हजाराला कमी पडतात दहा-अकरा. म्हणजे वयाला ८० वर्षे आणि आणखी नऊ-दहा महिने झाले की हजारावी पौर्णिमा येते. म्हणून सहस्रचंद्रदर्शन ८१व्या वर्षात करतात. काही घरांत ८० पूर्ण होताच करतात, काही ठिकाणी ८० वर्षे ८ महिन्यांचा हिशेब धरतात. घरोघरची रूढी वेगळी, त्यावरून वाद नको.

कोकणातले वाचक म्हणतील, "आमच्याकडे आषाढ-श्रावणात चंद्र दिसतो कुठे?" बरोबर आहे. पावसाळ्यातल्या पौर्णिमा ढगाआडच जातात. पण या विधीत प्रत्यक्ष किती वेळा चंद्र दिसला याची मोजदाद नसते. चंद्र हजार वेळा पूर्ण झाला आणि त्या प्रत्येक वेळी हे माणूस आपल्यात होते, एवढाच त्याचा अर्थ.

पन्नाशीनंतरच्या पायऱ्या

सहस्रचंद्रदर्शन हा एकटा विधी नाही. आपल्या परंपरेत पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी एक वयोवस्था शांती सांगितली आहे. ५०व्या वर्षी वैष्णवी, ५५व्या वर्षी वारुणी, ६०व्या वर्षी उग्ररथ, ६५ला मृत्युंजय महारथी, ७०ला भीमरथी, ७५ला ऐंद्री, ८०च्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन, ८५ला रौद्री, ९०ला सौरी आणि पुढे शंभरीपर्यंत. नावांत आणि क्रमात थोडा पाठभेद आढळतो. साठीचे महत्त्व विशेष, कारण प्रभव ते क्षय हे साठ संवत्सरांचे चक्र तेव्हा पूर्ण होते आणि ज्या नावाच्या संवत्सरात जन्म झाला ते नाव पुन्हा येते. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे आणि शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यामुळे साठ वर्षांनी दोघेही जन्मवेळच्या जागेजवळ परत आलेले असतात.

डॉक्टर म्हणून मला या यादीतले एक आवडते. पन्नाशी उलटली की दर पाच वर्षांनी सगळे कुटुंब एका माणसाभोवती जमते आणि त्याच्याकडे नीट बघते. वर्षभर फोनवर "मी बरी आहे" म्हणणारी आई त्या दिवशी प्रत्यक्ष दिसते. ती किती वाळली आहे, जिना चढताना कठडा धरते आहे का, एकच गोष्ट तीनदा सांगते आहे का, हे लक्षात येते. शांतीने ग्रह शांत होतात की नाही यावर मी बोलणार नाही. पण मुले जमतात आणि बघतात, त्याचा उपयोग नक्की होतो.

३२ वर्षांचे सरासरी आयुष्य

आजींच्या पिढीचा जन्म झाला त्या दशकात, म्हणजे १९४१ ते १९५१च्या दरम्यान, भारतातले सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. हा आकडा ऐकून मुलांना वाटते की तेव्हा लोक तिशीतच म्हातारे व्हायचे. तसे नव्हते. समजा, दहा बाळे जन्मली. त्यांतली चार पहिल्या वाढदिवसाच्या आतच गेली आणि सहा जण ५५ वर्षे जगले. तर दहा जणांची सरासरी येते ३३. म्हणजे आयुष्य सगळ्यांचेच आखूड नव्हते. पाळण्यातून उठून उभे राहणेच कठीण होते. देवी, कॉलरा, हिवताप, क्षय, धनुर्वात आणि बायकांच्या बाबतीत बाळंतपण, अशा एकेका दारातून वाचून पुढे यावे लागे.

त्यांच्या लहानपणी पेनिसिलिन नुकते वापरात येत होते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. भारत १९७७ साली देवीमुक्त जाहीर झाला. आज ऐंशी ओलांडलेल्या प्रत्येक आजी-आजोबांच्या मागे त्यांचे नशीब आहे, घरच्यांचे कष्ट आहेत, दंडावर लस टोचणारे आरोग्यसेवक आहेत, आणि जी भावंडे वाचली नाहीत त्यांची आठवणही आहे. एकदा आजींना विचारून बघा, "तुम्ही किती भावंडं?" त्या पिढीत उत्तर बहुधा दोन आकड्यांत येते: झालो इतके, राहिलो इतके.

प्रार्थना काय मागते?

शतायुषी व्हा, असा आशीर्वाद आपण सहज देतो. त्याचे मूळ वेदातल्या एका प्रार्थनेत आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात तिचे छोटे रूप आहे आणि शुक्ल यजुर्वेदाच्या ३६व्या अध्यायात मोठे. त्या मोठ्या रूपात केवळ शंभर शरद जगणे मागितलेले नाही. शंभर शरद पाहणे, ऐकणे, बोलणे आणि दीन न होता राहणे, असे एकेक वेगळे मागितले आहे. शिवाय सगळी क्रियापदे 'आम्ही' अशी अनेकवचनी आहेत. एकट्याने स्वतःपुरते मागितलेले हे आयुष्य नाही.

मी एम.बी.बी.एस. केले तेव्हा वार्धक्याचा वेगळा विषय आम्हाला नव्हता. पुढे इथे वृद्ध रुग्णांची तपासणी करू लागल्यावर जाणवले, की म्हातारपणी काय सांभाळायचे त्याची यादी या प्रार्थनेत आधीच आहे. तीच घेऊन पुढे जाऊ.

पाहणे. मोतीबिंदू सगळ्यांना माहीत असतो आणि त्याची शस्त्रक्रिया आज सोपी झाली आहे. काचबिंदू मात्र चोरपावलांनी येतो. दुखत नाही, सुरुवातीला समजतही नाही आणि गेलेली नजर परत मिळत नाही. म्हणून चष्म्याचा नंबर बदललेला नसला तरी दर वर्षी डोळ्यांची पूर्ण तपासणी हवी, मधुमेह असेल तर नक्कीच. वयाबरोबर डोळ्याच्या पडद्यापर्यंत कमी प्रकाश पोचतो. त्यामुळे रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा आणि पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, एवढ्याने पुष्कळ अपघात टळतात.

ऐकणे. "बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं" असे अनेक घरांत म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी, की वयोमानाने उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्यांत मोडतात. स्वर ऐकू येतात, शब्द उमटत नाही. म्हणून ते "ऐकू येतंय, पण कळत नाही" म्हणतात. ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे आणि टीव्ही बंद करावा. आधी कानात मळ तर नाही ना, हे बघून घ्यावे. अमेरिकेत सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीची श्रवणयंत्रे ऑक्टोबर २०२२पासून चिठ्ठीशिवाय मिळतात. न ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला होतो, आणि कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत मोडते. म्हणून याला मी 'वयाचं काय चालायचंच' म्हणत नाही.

बोलणे. इथे मला जरा थांबायचे आहे. तपासणीच्या खोलीत मी आजींना मराठीत विचारते, "झोप कशी लागते?" उत्तर मुलगा इंग्रजीत देतो, "शी स्लीप्स फाइन." मी पुन्हा आजींकडे बघते. सून म्हणते, "त्यांना काही त्रास नाही." दोघेही मनापासून काळजी घेणारे आहेत, ऑफिस सोडून आलेले आहेत. पण दहा मिनिटांच्या भेटीत आजींचे एक वाक्य होत नाही. हे मी कितीतरी कुटुंबांत पाहते. मायदेशात ज्या बाईने दुकानदाराशी घासाघीस केली, शाळेत हेडमास्तरांना जाब विचारला, ती इथे आल्यावर गाडी चालवता येत नाही आणि भाषेचा सराव नाही म्हणून दुसऱ्याच्या तोंडून बोलू लागते. मग एकटेपणा, उदासी आणि कधीकधी पैशाची किंवा अपमानाची गोष्ट पोटातच राहते.

उपाय सोपा आहे. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली पाच मिनिटे आईला किंवा बाबांना एकटे भेटू द्या. मोठ्या इस्पितळांत दुभाषी मिळतो, मागून घ्या. घरी दिवसातून एकदा असा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही'त संपत नाही.

अदीन राहणे. दीन म्हणजे गरीब एवढाच अर्थ नाही. परावलंबी, लाचार होणे हेही त्यात येते. त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पडणे. एक साधी चाचणी घरी करता येते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजा. जवळ कोणीतरी उभे हवेच. ८० ते ८४ वयाच्या स्त्रीला ९पेक्षा आणि पुरुषाला १०पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. मग फिजिओथेरपीबद्दल विचारा. मांडीचे स्नायू ऐंशीतही व्यायामाने बळकट होतात.

दुसरे कारण औषधे. सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरून वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा. त्यात भारतातून आणलेल्या पुड्या आणि गोळ्याही टाका, लपवू नका. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. इथल्या दुकानांत मिळणारी झोपेची साधी गोळीही निर्धोक नसते. तिच्यात बहुधा डायफेनहायड्रामिन असते. त्याने वृद्धांना भ्रम होतो, लघवी अडते, तोल जातो. वृद्धांनी टाळण्याच्या औषधांची अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची जी 'बीअर्स' यादी आहे, तिच्यात ते आहे. आणि आपल्या शाकाहारी मंडळींसाठी खास: अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायाला मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतात. साध्या रक्ततपासणीने ते कळते.

तिसरी गोष्ट मुलांना सर्वांत अवघड जाते. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे आणि काय करू नये, हे कागदावर लिहून ठेवणे. "असलं अभद्र कशाला?" असे म्हणून विषय टाळला जातो. पण हा विषय मी काढला की सुटकेचा निःश्वास बहुतेक वेळा आई-वडीलच टाकतात. त्यांनी विचार केलेला असतो, विचारणारे कोणी नसते.

सत्काराच्या दिवसाची काळजी

आता थोडे कोजागरीच्या कार्यक्रमाविषयी. कोणाच्याही घरी शांती असेल तरी हे उपयोगी पडेल.

१. संकल्पासाठी उपास धरायचा असेल तर मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोकादायक खाली जाते. उत्सवमूर्तीने फळ-दूध घेतले तर देव रागावत नाही.

२. पाटाऐवजी हात असलेली, पक्की खुर्ची. तास-दीड तासाने उठून दोन पावले चालणे.

३. कलशाच्या पाण्याचा अभिषेक असेल तर पाणी कोमट, शिंपण्यापुरते, आणि अंगावर कोरडी शाल लगेच. ओल्या फरशीवर कोणालाही चालू देऊ नका.

४. होम असेल तर हॉलची परवानगी आणि धुराच्या अलार्मची व्यवस्था आधी बघा. दमा असणाऱ्यांना मागे, दाराजवळ बसवा. ८१ दिव्यांनी ओवाळताना साडीचा पदर आणि ताटातले अंतर एकीने केवळ तेच बघावे.

५. दोनशे माणसे वाकून नमस्कार करणार आणि प्रत्येक जण हात हातात घेणार. पाऊण तास पुरे. सर्दी-खोकला असेल त्याने लांबूनच हात जोडावेत.

६. जेवणानंतर वृद्धांचा रक्तदाब खाली येतो. पंगतीतून एकदम उठवून फोटोसाठी उभे करू नका. आधी पाणी, मग दोन मिनिटे तशीच बसून, मग उठणे.

७. भाषणे तीन. माईकचा आवाज बेताचा.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव अशा प्रसंगी हमखास निघते. जन्म १८ एप्रिल १८५८, निधन ९ नोव्हेंबर १९६२. म्हणजे १०४ वर्षे. त्यांना भारतरत्न मिळाले १९५८ साली, शंभराव्या वर्षी. पण आपल्यासाठी मधली वर्षे पाहण्यासारखी आहेत. १९२९ साली ७१व्या वर्षी ते महिला विद्यापीठाच्या कामासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. ७८व्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले. १९४४ साली, सहस्रचंद्रदर्शनाचे वय उलटून पाच वर्षे झाली असताना, समता संघ काढला. त्यांच्याकडे अजून काम होते आणि लोक ते काम त्यांना करू देत होते.

प्रत्येक जण कर्वे नसतो. आमच्या आजींनी संस्था काढली नाही. नातवंडे सांभाळली, हार गुंफले, आणि आमच्यातल्या कितीतरी जणींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले. म्हणून त्या बारा वर्षांच्या मुलीला माझे उत्तर असे: ८१ वर्षे होणे ही स्पर्धा जिंकणे नव्हे, आणि सत्कार म्हणजे त्याचे बक्षीसही नव्हे. प्रार्थनेत 'आम्ही' म्हटले आहे. आजींनी पाहावे, ऐकावे, बोलावे आणि दीन होऊ नये, ही आपण सगळ्यांनी मागितलेली गोष्ट आहे, तेव्हा ती पार पाडणेही आपल्या सगळ्यांकडे येते. सत्कारात आपण ते चारचौघांत कबूल करतो.

कार्यकारिणीने आजींना विचारले, "तुम्हाला काय भेट द्यावी?" त्या म्हणाल्या, "शाली कपाटात मावत नाहीत. माझ्याबद्दल तुम्ही बोलणार, ते बोला. पण मला पाच मिनिटं द्या. आणि मधे कोणी भाषांतर करू नका. पोरांना नाही कळलं तर नंतर मला येऊन विचारू देत."

ती पाच मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत घातली आहेत. मराठी शाळेच्या मुलांना गृहपाठही दिला आहे: प्रत्येकाने आजींना विचारायचा एक प्रश्न मराठीत लिहून आणायचा आणि स्वतः जाऊन विचारायचा. पालकांनी लिहून द्यायचा नाही. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत किंवा भारतात फोनच्या पलीकडे आहेत, त्यांनी तोच प्रश्न त्यांनाही विचारावा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे.

आजींना उदंड, निरामय आयुष्य लाभो. कोजागरीला सर्वांनी वेळेवर यावे. केशरी दूध आहे, साखर बेताची ठेवायला मी सांगितले आहे!